सगळे, एक तरी आणि कंस : संख्यापक शिकू पाहणाऱ्यांसाठी

सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या नावाच्या पेठा पुण्यात आहेत. आता ही दोन वाक्यं वाचा. ‘प्रत्येक वाराच्या नावाची एक पेठ आहे.’ ‘एक पेठ अशी आहे की तिला प्रत्येक वाराचं नाव आहे.’ पहिलं खरं, दुसरं साफ खोटं. शब्द जवळपास तेच आहेत, फक्त ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांच्यात आधी कोण हे बदललं. हा फरक नेमका कुठून येतो आणि तो कागदावर निःसंदिग्धपणे कसा मांडायचा, हे विधेय तर्कशास्त्र शिकवतं.

बारावीच्या गणितात पहिल्याच धड्यात ∀ (‘सगळे’) आणि ∃ (‘एक तरी’) ही चिन्हं भेटतात, कला शाखेच्या तर्कशास्त्रात भेटतात, इंजिनिअरिंगला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समध्ये पुन्हा भेटतात. तरी पुष्कळ विद्यार्थी ही चिन्हं पाठ करून निभावून नेतात. तसं करायची गरज नाही. मराठीत या चिन्हांसाठी तयार साचे आहेत, ते हाताशी घेतले तर अर्धं काम लिहिण्याआधीच होतं. या दोन चिन्हांसाठी मी पुढे संख्यापक हा शब्द वापरतो. काही पुस्तकांत परिमाणक असतं, वर्गात बहुतेक जण क्वांटिफायर म्हणतात. गोष्ट एकच. चलांसाठी मी क्ष, य, ज्ञ घेतले आहेत. तुमच्या पुस्तकात तिथे रोमन अक्षरं असतील.

आधी ठरवा : कशाबद्दल बोलतोय?

‘सगळे’ म्हणजे कोण सगळे? हे ठरवल्याशिवाय एकही चिन्ह लिहू नका. ज्या वस्तूंबद्दल बोलायचं त्यांच्या समूहाला विश्व म्हणतात. या लेखात दोन विश्वं पुरतील. पहिल्यात पुण्यातल्या पेठा आणि आठवड्याचे सात वार, एवढंच. दुसऱ्यात पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतले पाच मानाचे गणपती, मिरवणुकीच्या क्रमानेच : कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा.

विश्व बदललं की तेच सूत्र खऱ्याचं खोटं होऊ शकतं. ‘प्रत्येक संख्येपेक्षा लहान अशी एक संख्या आहे’ हे पूर्णांकांच्या विश्वात खरं आहे, कारण उणे बाजूला हवं तितकं खाली जाता येतं. ० पासून सुरू होणाऱ्या नैसर्गिक संख्यांत तेच खोटं, कारण ० च्या खाली काही नाही. उत्तरपत्रिकेत पहिली ओळ विश्वाची लिहायची सवय लावून घ्या.

नाव वेगळं, विधान वेगळं

वाक्यरचनेचा, म्हणजे सिंटॅक्सचा, पाया इथे आहे आणि इथे घाई केली की पुढे सगळीकडे अडतं. या भाषेत दोन प्रकारच्या गोष्टी तयार होतात : वस्तूकडे बोट दाखवणाऱ्या आणि वस्तूबद्दल काही सांगणाऱ्या.

बोट दाखवणाऱ्यांना पद म्हणू या. ‘कसबा’, ‘शनिवार’ ही ठरलेली नावं, म्हणजे अचल. क्ष, य ही मोकळी नावं, म्हणजे चल. आणि फलनं, म्हणजे फंक्शन्स, लावून तयार झालेली नावंही पदंच. वारांवर ‘उद्या’ हे फलन घ्या. उद्या(शनिवार) म्हणजे रविवार, उद्या(उद्या(शनिवार)) म्हणजे सोमवार. कितीही वेळा लावा, हाती एक वारच येतो. त्याला खरं किंवा खोटं म्हणता येत नाही, जसं नुसत्या ‘रविवार’ला म्हणता येत नाही.

फलनाची एक अट आहे : विश्वातल्या प्रत्येक वस्तूसाठी त्याचं उत्तर असलंच पाहिजे. ‘उद्या’ सात वारांच्या विश्वात चोख बसतं, रविवारनंतर सोमवार येतोच. पण गणपतींच्या विश्वात ‘मिरवणुकीत लगेच मागचा’ हे फलन म्हणून चालणार नाही, कारण केसरीवाड्याच्या मागे मानाचा सहावा गणपती नाही. आपल्या मिश्र विश्वात पेठाही असल्याने तिथे ‘उद्या’ला हीच अडचण येते, म्हणून त्याचं उदाहरण फक्त वारांपुरतं.

सांगणारी गोष्ट म्हणजे सूत्र. ते विधेयापासून सुरू होतं. पेठ(क्ष) म्हणजे ‘क्ष ही पेठ आहे’. वार(क्ष) म्हणजे ‘क्ष हा वार आहे’. ही एकस्थानी विधेयं, एकच जागा असलेली. नाव(य, क्ष) म्हणजे ‘य ला क्ष चं नाव आहे’ आणि पुढे(क्ष, य) म्हणजे ‘मिरवणुकीत क्ष हा य च्या पुढे आहे’, ही द्विस्थानी. जागांचा क्रम एकदा ठरवला की मोडायचा नाही. पुढे(कसबा, केसरीवाडा) खरं आहे, पुढे(केसरीवाडा, कसबा) खोटं.

विधेयाच्या जागांत पदं भरली की सर्वांत साधं सूत्र तयार होतं. दोन पदांमध्ये = ठेवलं तरी सूत्रच होतं. मग नियम मोजके : सूत्राआधी ¬ लावलं तर सूत्र, दोन सूत्रांमध्ये ∧ (आणि), ∨ (किंवा), → (जर–तर) घालून कंस केला तर सूत्र, सूत्राआधी ∀क्ष किंवा ∃क्ष लावलं तर सूत्र. याबाहेर काही नाही.

म्हणून पेठ(पेठ(क्ष)) हे अशुद्ध आहे, कारण आतलं पेठ(क्ष) हे सूत्र आहे आणि विधेयाला जागेत पद हवं. उद्या(शनिवार) ∧ वार(रविवार) हेही अशुद्ध, कारण ∧ च्या डावीकडे सूत्र नाही, नाव आहे. ∀कसबा असंही लिहीत नाहीत. संख्यापकापाठी चलच येतं. मात्र पेठ(शनिवार) हे पूर्ण शुद्ध आहे, फक्त खोटं आहे : शनिवार हा वार, शनिवार पेठ ही वेगळी वस्तू. शुद्ध असणं आणि खरं असणं या दोन स्वतंत्र तपासण्या आहेत, आणि पहिली झाल्याशिवाय दुसरी करताच येत नाही.

‘जो जो… तो तो’ आणि ‘असा एक तरी… की’

आता मुख्य गोष्ट. ∀ हा सार्विक संख्यापक, ∃ हा अस्तित्ववाचक. वाक्य चिन्हांत नेण्याआधी ते मराठीतच या दोन साच्यांपैकी एकात बसवा. ‘सगळ्या पेठा गजबजलेल्या आहेत’ हे असं म्हणा : ‘जी जी पेठ, ती ती गजबजलेली.’ ‘काही पेठा गजबजलेल्या आहेत’ हे असं : ‘अशी एक तरी वस्तू आहे की ती पेठ आहे आणि गजबजलेली आहे.’

पहिल्या साच्यात ‘जी’ आणि ‘ती’ यांच्या मधोमध बाण दडलेला आहे, दुसऱ्यात ‘आणि’ उघडच आहे. लिहिताना फक्त उतरवून काढायचं :

∀क्ष (पेठ(क्ष) → गजबजलेली(क्ष))

∃क्ष (पेठ(क्ष) ∧ गजबजलेली(क्ष))

भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायशास्त्रात व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचा अटळ संबंध, सांगतात तीही याच घडणीची : जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. धूर नसलेल्या जागेबद्दल ते वाक्य काहीच म्हणत नाही. → चं वागणं तसंच आहे.

∀ बरोबर → आणि ∃ बरोबर ∧ ही जोडी का, ते उलटं करून पाहिलं की कळतं. ∀क्ष (पेठ(क्ष) ∧ गजबजलेली(क्ष)) असं लिहिलंत तर अर्थ होतो : विश्वातली प्रत्येक वस्तू पेठ आहे आणि गजबजलेली आहे. आपल्या विश्वात सात वारही आहेत, त्यामुळे हे बघताक्षणी खोटं. दुसरी उलटापालट जास्त घातक आहे, कारण ती चटकन दिसत नाही :

∃क्ष (पेठ(क्ष) → समुद्रकाठी(क्ष))

‘एक तरी पेठ समुद्रकाठी आहे’ असं म्हणायचं होतं. पुण्यात ते खोटंच असायला हवं. पण वरचं सूत्र खरं आहे! क्ष च्या जागी मंगळवार हा वार ठेवा. पेठ(मंगळवार) खोटं, आणि डावी बाजू खोटी असली की → खरं ठरतं. एक वस्तू सापडली, ∃ चं समाधान झालं. विश्वात पेठ नसलेली एकही वस्तू असली की असं सूत्र फुकटात खरं होतं, म्हणून त्यातून काही कळत नाही.

याच कारणाने ‘जो जो’ लागू होणारं कुणी नसेल तर ∀ चं वाक्य खरं मानतात. वारांत ‘आठवा वार’ नाही. मग ‘जो जो आठवा वार, तो तो सुट्टीचा’ हे खरंच, कारण त्याला खोटं पाडणारा दाखला कुणी देऊ शकत नाही. पायथन वापरणाऱ्यांनी रिकाम्या यादीवर ‘ऑल’ चालवून बघावं, उत्तर ‘ट्रू’ येतं. ‘एनी’चं ‘फॉल्स’ येतं.

‘फक्त’ आलं की बाणाची दिशा जपा. ‘प्रवेश फक्त सभासदांना’ ही पाटी म्हणते : ज्याला ज्याला प्रवेश, तो तो सभासद. म्हणजे ∀क्ष (प्रवेश(क्ष) → सभासद(क्ष)). प्रत्येक सभासदाला प्रवेश मिळेलच, असं पाटी कुठेही म्हणत नाही.

कंस, व्याप आणि बांधलेली चलं

संख्यापक ज्या सूत्राला लागतो तेवढाच त्याचा व्याप. ∀क्ष (पेठ(क्ष) → गजबजलेली(क्ष)) यात कंसातलं सगळं व्यापात आहे. कंस गाळून ∀क्ष पेठ(क्ष) → गजबजलेली(क्ष) असं लिहिलं, तर नेहमीच्या संकेताप्रमाणे ∀ फक्त पेठ(क्ष) ला लागतो आणि शेवटचा क्ष बाहेर मोकळा राहतो. काही पुस्तकांचे संकेत वेगळे असतात. म्हणून नवख्यांनी कंसात काटकसर करूच नये.

व्यापात असलेलं आणि संख्यापकाने धरलेलं चल बांधलेलं; बाकीचं मुक्त. ∃य पुढे(य, क्ष) यात य बांधलेला, क्ष मुक्त. वाचा : ‘क्ष च्या पुढे कुणीतरी आहे.’ खरं की खोटं? क्ष कोण ते कळेपर्यंत सांगता येत नाही. कसबा असेल तर खोटं, इतर चौघांपैकी कुणीही असेल तर खरं. एकही मुक्त चल नसलेल्या सूत्राला बंद सूत्र किंवा विधान म्हणतात, आणि ठरलेल्या विश्वात खरं-खोटं त्याचंच ठरतं.

बांधलेल्या चलाचं अक्षर बदललं तरी अर्थ बदलत नाही : ∃ज्ञ पुढे(ज्ञ, क्ष) म्हणजे तेच. पण य च्या जागी क्षच लिहिलंत तर ∃क्ष पुढे(क्ष, क्ष) होतं, ‘कुणीतरी स्वतःच्याच पुढे आहे’. मुक्त क्ष संख्यापकाच्या हाती सापडला. मुक्त चलाच्या जागी दुसरं पद भरतानाही हीच काळजी : क्ष च्या जागी य ठेवायचा असेल तर आधी आतल्या बांधलेल्या य चं ज्ञ करून घ्या, मग भरा.

क्रम : पाच गणपती घेऊन

दोन संख्यापक एकाच जातीचे असतील तर क्रमाने फरक पडत नाही. ∀क्ष∀य आणि ∀य∀क्ष एकच. जात वेगळी असेल तर सगळं बदलतं. सुरुवातीची दोन वाक्यं आता अशी लिहिता येतील :

∀क्ष (वार(क्ष) → ∃य (पेठ(य) ∧ नाव(य, क्ष)))

∃य (पेठ(य) ∧ ∀क्ष (वार(क्ष) → नाव(य, क्ष)))

पहिल्यात य ची निवड ∀क्ष च्या आत होते, म्हणून ती क्ष पाहून करता येते : सोमवारला सोमवार पेठ, मंगळवारला मंगळवार पेठ. दुसऱ्यात य आधीच निवडून बसावं लागतं, आणि ती एकच पेठ सातही वारांना पुरवावी लागते. ∃∀ खरं असेल तर त्याच जोडीचं ∀∃ आपोआप खरं असतं, उलट नाही.

आता गणपती. मिरवणुकीचा क्रम सगळ्यांना पाठ असतो, त्यामुळे सूत्र बोटांवर तपासता येतं. ∀क्ष∃य पुढे(य, क्ष) : ‘प्रत्येकाच्या पुढे कुणीतरी आहे.’ खोटं, कारण कसबा पहिला. मग ‘असा एक आहे जो सगळ्यांच्या पुढे’ हे तरी खरं असायला हवं :

∃क्ष∀य पुढे(क्ष, य)

हेही खोटं आहे. कसबा घेऊन तपासा : जोगेश्वरीच्या पुढे, हो. गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, तिघांच्याही पुढे, हो. पण ∀य मध्ये पाचवी वस्तू स्वतः कसबा आहे, आणि कसबा कसब्याच्या पुढे नाही. बोलताना आपण ‘बाकी सगळ्यांच्या’ हे गृहीत धरतो, सूत्र धरत नाही. ते लिहावं लागतं (क्ष ≠ य हे ¬(क्ष = य) चं छोटं रूप) :

∃क्ष∀य (क्ष ≠ य → पुढे(क्ष, य))

आता खरं. वेगळी अक्षरं म्हणजे वेगळ्या वस्तू नव्हेत, हे इथे मनात पक्कं करा. ‘निदान दोन पेठा’ म्हणायचं तर ∃क्ष∃य (पेठ(क्ष) ∧ पेठ(य) ∧ क्ष ≠ य) लिहावं लागतं. शेवटचा तुकडा गाळला तर एकाच पेठेवर ते खरं ठरेल. ‘एकच’साठी ‘आहे’ आणि ‘दुसरी कुठली नाही’ असे दोन्ही भाग हवेत. ‘शनिवारच्या नावाची एकच पेठ आहे’ :

∃क्ष (पेठ(क्ष) ∧ नाव(क्ष, शनिवार) ∧ ∀य ((पेठ(य) ∧ नाव(य, शनिवार)) → य = क्ष))

पाचच वस्तू असल्या की ∀ म्हणजे पाच विधानांची ‘आणि’ने जोडलेली साखळी आणि ∃ म्हणजे ‘किंवा’ची. मर्यादित विश्वात म्हणूनच प्रत्येक विधान हाताने तपासून संपवता येतं. विश्वावर काही बंधनच नसेल तर गोष्ट वेगळी : दिलेलं सूत्र सर्व विश्वांत खरं आहे का, हे कुठल्याही सूत्रासाठी सांगू शकेल अशी यांत्रिक रीत असूच शकत नाही, हे अलोन्झो चर्च आणि ॲलन ट्यूरिंग या तर्कशास्त्रज्ञांनी १९३६ साली दाखवलं.

नकार आत ढकलणं

‘सगळ्या पेठांना वारांची नावं नाहीत.’ हे वाक्य बोलीत दोन अर्थांनी निघतं. ‘सगळ्याच पेठांना नाहीत’ म्हणालात तर ¬∀. ‘एकाही पेठेला नाही’ म्हणालात तर ∀¬. पुण्यात पहिलं खरं, कारण सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची आहे. दुसरं खोटं, कारण बुधवार पेठ समोर आहे. भाषांतर करताना आधी ‘सगळ्याच’ की ‘एकाही’ हे ठरवा.

नियम असा : ¬ आत जाताना ∀ चा ∃ होतो, ∃ चा ∀ होतो. आणि ¬(अ → ब) म्हणजे अ ∧ ¬ब, तर ¬(अ ∧ ब) म्हणजे अ → ¬ब. एका वेळी एकच पायरी :

¬∀क्ष (वार(क्ष) → ∃य (पेठ(य) ∧ नाव(य, क्ष)))

∃क्ष ¬(वार(क्ष) → ∃य (पेठ(य) ∧ नाव(य, क्ष)))

∃क्ष (वार(क्ष) ∧ ¬∃य (पेठ(य) ∧ नाव(य, क्ष)))

∃क्ष (वार(क्ष) ∧ ∀य ¬(पेठ(य) ∧ नाव(य, क्ष)))

∃क्ष (वार(क्ष) ∧ ∀य (पेठ(य) → ¬नाव(य, क्ष)))

शेवटची ओळ मोठ्याने वाचा : ‘असा एक तरी वार आहे की जी जी पेठ घ्याल तिला त्याचं नाव नाही.’ साचे आपसूक बरोबर पडले, ∃ ला ∧ आणि ∀ ला → मिळाला. पडले नाहीत तर मधल्या ओळीत चूक आहे, मागे जाऊन शोधा.

हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेत ‘एक्झिस्ट्स’ आहे, पण ‘फॉर ऑल’ असा शब्द नाही. प्रत्येक वाराची पेठ आहे का, हे विचारायचं तर ‘असा एकही वार नाही ज्याच्या नावाची पेठ नाही’ असं, दोन ‘नॉट एक्झिस्ट्स’ एकात एक घालून लिहावं लागतं. हिंजवडीत डेटाबेसवर काम करणाऱ्यांच्या हे रोज हाताखालून जातं.

ही सगळी यंत्रणा तशी अलीकडची आहे. संख्यापक आणि त्यांचा व्याप यांची पहिली पूर्ण मांडणी गॉटलोब फ्रेगे यांनी १८७९ मध्ये केली, तीही उभ्या-आडव्या रेघांच्या वेगळ्याच लिपीत. उलटा ∃ जुझेप्पे पेआनो यांचा, १८९७ चा. उलटा ∀ गेरहार्ड गेंट्झेन यांनी १९३५ साली त्याच्या जोडीला आणला.

सरावासाठी एक पूर्ण उदाहरण

‘शेवटचा सोडून प्रत्येक गणपतीच्या लगेच मागे एक गणपती असतो.’ हाती विधेय एकच : पुढे.

‘लगेच मागे’ म्हणजे काय ते आधी मराठीत सोडवा : क्ष हा य च्या पुढे आहे, आणि दोघांच्या मधे कुणी नाही.

पुढे(क्ष, य) ∧ ¬∃ज्ञ (पुढे(क्ष, ज्ञ) ∧ पुढे(ज्ञ, य))

‘शेवटचा सोडून’ म्हणजे ज्याच्या मागे कुणीतरी आहे असा : ∃य पुढे(क्ष, य). आता साचा : ज्याच्या ज्याच्या मागे कुणी आहे, त्याच्या त्याच्या लगेच मागे कुणी आहे.

∀क्ष (∃य पुढे(क्ष, य) → ∃य (पुढे(क्ष, य) ∧ ¬∃ज्ञ (पुढे(क्ष, ज्ञ) ∧ पुढे(ज्ञ, य))))

य दोनदा आला आहे, पण दोन्ही ∃य चे व्याप वेगळे असल्याने अडचण नाही. गोंधळ होत असेल तर पहिल्याचं अक्षर बदला. मुक्त चल एकही नाही. पाचही गणपती क्ष च्या जागी ठेवून तपासा : चौघांना उजवी बाजू खरी मिळते, केसरीवाड्याला डावीच खोटी. मग विश्व बदलून अपूर्णांक घ्या आणि ‘पुढे’च्या जागी ‘पेक्षा लहान’ ठेवा. कुठल्याही दोन अपूर्णांकांच्या मधे आणखी एक सापडतोच, त्यामुळे पुढे(क्ष, य) खरं असताना शेवटचं ¬∃ज्ञ कधीच खरं होणार नाही, आणि हेच सूत्र तिथे खोटं ठरेल.